इनासकाकांच्या बसमधलं पाणी

इनासकाका कुठेही गेले की आधी नळ उघडायचे. बाप्तिस्म्याचं जेवण असो, बँक असो, दवाखाना असो. नळाखाली उजवा तळवा धरायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि नळ बंद करून आकडा सांगायचे. "सव्वा." नाहीतर, "दोनला जरा कमी." हा आकडा कशाचा, असं त्यांना कुणी विचारत नसे. मी विचारलं, कारण मी विचारते.

"बार," ते म्हणाले. "दाबाचा आकडा. बोटीवर बारात मोजतेत. इथं काय म्हनतेत?"

मी म्हटलं, इथं पाणी आलं म्हणतात, नाहीतर पाणी नाही आलं म्हणतात.

ते हसले नाहीत. त्यांना ते पटलं होतं.

इनासकाका गेले त्याला आता वर्ष होत आलं. मी त्यांची नातेवाईक नाही, शेजारी नाही, त्यांच्या धर्माचीही नाही. एव्हरशाईन सिटीत एका गाळ्यात पाणी तपासायची लॅब आहे, तिथे मी केमिस्ट आहे. माझा बाप मिठागरात राबला, आई मिठाच्या पाट्या वाहायची. आमच्या घरात बीएस्सी झालेली मी पहिली, आणि हे मी विचारल्याशिवायही सांगते. लॅबमध्ये लोक येतात ते बहुतेक सोसायटीचे सेक्रेटरी, हॉटेलवाले, पोहण्याच्या तलावाचे ठेकेदार. बाटली ठेवतात, पावती घेतात, जातात. स्वतः पितो ते पाणी स्वतःच्या हातांनी दर आठवड्याला आणणारा माणूस मी एकच पाहिला.

पहिल्यांदा आले तेव्हा इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि हातात कापडी पिशवीत रमच्या दोन बाटल्या. दोन्हींत पाणी. एकीवर चिकटपट्टीवर लिहिलेलं 'आधी', दुसरीवर 'नंतर'. फिल्टरच्या आधीचं आणि फिल्टरच्या नंतरचं. मी सांगितलं, या बाटल्या चालणार नाहीत, जंतूंची तपासणी करायची तर आमची उकळून बंद केलेली बाटलीच लागते.

"रमच्या बाटलीत कुठला जंतू जगेल?" ते म्हणाले.

मी म्हटलं, रम संपली ना. जंतूंना तेवढंच पाहिजे असतं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, कुठली गं तू? मी गावाचं नाव सांगितलं. म्हणाले, "म्हंजे मिठागरातली. मंग पाणी पाणी काय करतेस? तुझ्या रिपोर्टात ण आनि तुझ्या आयच्या हंड्यात न." कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझ्या 'पानी'वर वर्ग हसला होता. तेव्हापासून ण मी कमावलेला आहे. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी सुनावलं असतं. त्यांना मी दोन बाटल्या दिल्या आणि त्या कशा भरायच्या ते सांगितलं. पुढच्या शनिवारी त्यांनी सांगितल्याप्रमाणे भरून आणल्या. 'आधी' आणि 'नंतर' मात्र त्यांच्याच चिकटपट्टीवर, त्यांच्याच अक्षरात. आमची लेबलं त्यांनी कधी वापरली नाहीत.

ते बोटीवर फिटर होते. इंजिनरूममध्ये, आयुष्यभर. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा वाटणी झालेली होती. जुनं घर आणि रस्त्याकडची जागा भावाकडे गेली, भावाने तिथे बिल्डिंग होऊ दिली. इनासकाकांच्या वाट्याला राजोडीच्या रस्त्यावरची मागची वाडी आली. नारळ, केळी, एक मचूळ विहीर. तिथे बांधायला परवानगी नव्हती. भावाने बिल्डिंगमध्ये फ्लॅट देऊ केला होता, तो त्यांनी घेतला नाही. त्यांनी एका शाळेची जुनी बस विकत घेतली, वाडीत आणून उभी केली, आणि आतली बाकडी काढून घर केलं. बांधायची परवानगी लागते, उभी करायची लागत नाही, असं ते सगळ्यांना सांगायचे.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण त्यांची बायको, रेमेदकाकू. नवरा सगळं जग फिरून आला आणि ती विरारच्या पुढे गेली नव्हती. गावातली सगळी बायकामाणसं दक्षिणेतल्या मारियेच्या देवळाला, वेलंकनीला जाऊन आली होती, कुणी दोनदा, कुणी नवस फेडायला, कुणी नुसतंच. रेमेदकाकूंच्या वेळेला कधी नवरा बोटीवर, कधी सासू आजारी. आणि नवरा कायमचा घरी आला त्याच वर्षी तिची मूत्रपिंडं गेली. धाकट्या बहिणीने आपलं एक दिलं. ते बसलं. पण डॉक्टरांनी सांगितलं, बाहेरचं पाणी बंद. पिण्याचंच नाही, तोंड धुवायचं, भाजी धुवायचं, सगळं. एकदा पोटात जंतू गेला तर बहिणीचं दिलेलं हातचं जाईल. प्रवास नको.

"पान्याचाच प्रश्न हाय ना?" इनासकाकांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, मुख्य तोच. काकांनी तेवढंच ऐकलं. पाण्यासकट जाणारं घर करायचं, आणि तिला वेलंकनीला न्यायचं.

म्हणून बस. म्हणून माझ्याकडे बाटल्या.

मी ती बस पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं होतं, हौसेचं काम असेल, पडदे, दिवे वगैरे. तसलं काही नव्हतं. एक पलंग, एक शेगडी, क्रूस, मारियेचा फोटो, तांदळाची गोणी. सगळा थाट खाली, पायऱ्यांशेजारच्या कप्प्यात. झाकण उघडून ते दाखवायचे, जसं कुणी तान्ह्या बाळावरची दुपटी बाजूला करून दाखवतं. बाहेरून पाइप येतो. आधी पितळी रेग्युलेटर, दाब कमी करणारा. त्यावर घड्याळासारखी तबकडी, काटा. मग गाळाचा फिल्टर, मग कोळशाचा, मग जंतू मारणारा यूव्हीचा दिवा. मग टाकी. टाकीतून छोटा पंप, दुसरा रेग्युलेटर, आणि मग नळ. प्रत्येक जोडाला पांढऱ्या टेपचे वेढे इतके सारखे की यंत्राने घातल्यासारखे.

रेग्युलेटर आधी नव्हता. त्याची गोष्ट रेमेदकाकू सांगायच्या, काका नाही. बसला पाणी यायचं ते भावाच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीतून. एकदा बिल्डिंगवाल्यांनी टाकी धुवायला काढली आणि लाइन सरळ मोठ्या पंपावर जोडली. बसमधल्या प्लॅस्टिकच्या पाइपांना तो दाब झेपला नाही. सिंकखालचा जोड उडाला. काका बाजारात होते. काकू साबण लावून आंघोळीला उभ्या. पाणी घोट्यापर्यंत आलं, तांदूळ भिजले, गादी भिजली. काकू अंगाला लुगडं गुंडाळून पाय वर घेऊन पलंगावर बसून राहिल्या. पाइप कुठे बंद करायचा ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ओरडून बिल्डिंगच्या माणसांना त्या अवस्थेत बोलवायचं नव्हतं. काका पिशव्या घेऊन आले तेव्हा दारातून पाणी उतरत होतं.

"बोटवाले," काकू आतून म्हणाल्या, "तुमची बोट बुडाली."

जन्मभर इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला हे लागलं असणार. दुसऱ्या दिवशी रेग्युलेटर आला, एक नाही, दोन. दुसरा कशाला, तर नळासाठी. काकूंना नळाचं पाणी अंगावर आपटतं असं वाटायचं. जन्मभर कळशीतून तांब्याने घेतलेलं पाणी. मग काका बाहेर पाना घेऊन बसले, काकू आत नळाखाली हात धरून. जास्त हाय. अजून जास्त हाय. आता मेलं की ओ. आता बरं. जरा, जरा. हां, आता कळशीतून ओतल्यावानी वाटते.

काट्याखाली काकांनी तिथे भाचीच्या नखाच्या रंगाने लाल ठिपका काढला. आकडा एकाच्या बराच खाली होता. त्या धारेने भांडं घासायलाही कंटाळा येईल. मी एकदा हात धुवायला गेले आणि म्हटलं, काका, थोडा वाढवा की. ते म्हणाले, "ही रेमेदची धार हाय. तुला घाई असंल तर विहिरीवर जा."

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. मी लिहितेय म्हणून त्यांना शहाणं करणार नाही. यूव्हीच्या दिव्यावर त्यांचा अंधविश्वास होता. गढूळ पाणी आलं तरी दिवा मारतो म्हणायचे. मी सांगायचे, गाळाच्या आड जंतू लपतात, आधी पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे, मगच दिव्याचा उपयोग. त्यांना हे पटवायला मला टँकरच्या पाण्याचे तीन वेळचे नापास रिपोर्ट लागले. आणि आरओ बसवा म्हटलं तर चिडायचे. आरओ जेवढं पाणी देतो त्याहून जास्त टाकून देतो, हे खरं आहे. "बसमधी पानी टाकून द्यायला मी काय येडा हाय? बोटीवर पानी सांडलं तर कॅप्टनपर्यंत नाव जायचं." मी म्हटलं, मग मीठ नाही गाळलं जाणार, क्षार तसेच राहतील. म्हणाले राहू दे, मिठानं कोन मरते?

आणखी एक नियम होता. टाकीतलं पाणी आठवड्याच्या वर उभं ठेवायचं नाही. शनिवारी आधी माझ्यासाठी बाटली भरायची, मग टाकी रिकामी, पाणी केळींना, टाकी पुसून कोरडी, मग ताजं भरायचं.  बोटीवर उभ्या पाण्याने माणसं आजारी पडलेली त्यांनी पाहिली होती. कुणाची ते सांगत नसत.

'नंतर' सलग पास व्हायला लागलं. काकांनी बसला नवे टायर घातले. आणि एका सोमवारी मी जंतू वाढवायला ठेवलेली काचेची थाळी बाहेर काढून पाहिली तर 'आधी' पास, 'नंतर' नापास. म्हणजे फिल्टर पाणी घाण करत होता. मला वाटलं माझ्याकडून चूक झाली. पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच. काकांनी दिवा बदलला, फिल्टर बदलले, टाकी क्लोरीनने धुतली. पुन्हा तेच. त्या दिवसांत ते रिपोर्ट घ्यायला यायचे तेव्हा आमच्या बेसिनच्या नळाखाली हात धरायचे नाहीत.

शेवटी मी स्वतः गेले, सोबत बाटल्यांची पेटी. पाइपच्या प्रत्येक टप्प्यावरचं पाणी वेगळं घेतलं. दिव्याखालून आलेलं साफ निघालं. टाकीतलं नाही. म्हणजे जे पडत होतं ते टाकीतच पडत होतं. हे सांगायला मी पुन्हा गेले तेव्हा रेमेदकाकूंनी माझ्यापुढे वाडीतल्या केळ्यांची सुकेळी ठेवली होती. मी विचारलं, काकू, टाकीचं झाकण कुणी उघडतं का?

"मी उघडते," त्या म्हणाल्या.

काका पाना घेऊन उभे होते, तसेच राहिले.

काकूंनी सांगितलं ते असं. देवळातलं, म्हणजे चर्चमधलं, आशीर्वादित पाणी त्यांच्याकडे बाटलीत असायचं. रविवारी मिस्साची प्रार्थना करून आल्या की त्यातलं एक झाकणभर टाकीत ओतायच्या. एवढ्या लांबच्या रस्त्याला ही बस जाणार, आशीर्वाद नको? त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"अगं पन त्यात जंतू," काका म्हणाले.

"देवाच्या पान्यात?"

"देवळात किती लोकं हात बुडवतेत."

"देवाचीच लोकं ना?"

काका माझ्याकडे बघायला लागले.  मी शिकलेली. मी सांगितलं, काकू, कोळशाचा फिल्टर पाण्यातला क्लोरीन काढून घेतो, चव चांगली लागावी म्हणून. पण त्यामुळे टाकीतल्या पाण्याला पुढे कुणी राखणदार राहत नाही. एक झाकण पुरतं. हे पाणी तुमच्या पोटात जातं. काकू ऐकत होत्या. घाबरल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, मग काय करू, बाटली फेकू? तेही करवत नव्हतं.

तोडगा काकांचा. गाळाच्या फिल्टरच्याही आधी त्यांनी पाइपात एक टी, तीन तोंडांचा जोड, बसवली, वर पितळी झाकण. पाणी बंद करायचं, झाकण उघडायचं, तिथे ओतायचं. मग ते सगळ्या फिल्टरांतून आणि दिव्याखालून जाऊन टाकीत पडणार. जंतू मरणार, आशीर्वाद राहणार. काकूंना हे मंजूर नव्हतं. फिल्टर आशीर्वादही गाळून ठेवील तर? दोघं म्हाताऱ्या फादरांकडे गेले. फादर म्हणाले, फिल्टरलाही आशीर्वाद मिळेल, तुमचं त्यात काय जातं? काकूंना फादर थट्टा करतायत असं वाटलं. परत येताना त्या लॅबमध्ये आल्या, पहिल्यांदाच, पायऱ्या चढताना काकांचा हात धरून.

"बाय, तू खरं सांग. त्या नळकांड्यांतून पलीकडं काय जाते?"

मी त्यांना काय सांगणार. आशीर्वादाचं मला काही माहीत नाही, मी केमिस्ट्री शिकले. मी विचारलं, फादर त्या पाण्यात काही घालतात का? म्हणाल्या, हे जुने फादर हायत ना, ते जुन्या रीतीनं चिमूटभर मीठ घालतेत.

"मग मीठ जातं," मी म्हटलं. "गाळ अडतो, वास अडतो, जंतू मरतो. मीठ कुठेच अडत नाही. तुमच्याकडे आरओ नाही."

"चिमूटभर मीठ, त्यातलं एक झाकन, एवढी टाकी. ते तुझ्या मशिनीत दिसंल?"

"दिसणार नाही. पण असेल."

काकूंनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "मी म्हनलं होतं ना, आरओ नको." सगळं श्रेय त्यांनी घेतलं.

त्यानंतर पाणी बिघडलं नाही. काकू रविवारी झाकण उघडून ओतायच्या. 'नंतर' दर वेळी पास. डॉक्टरांनी कागद बघून, त्यांना तपासून, जा म्हणून सांगितलं. थंडी संपत आलेली. जायचं सोमवारी ठरलं, सकाळच्या मिस्सानंतर. शनिवारी काकांनी टाकी भरली आणि या वेळी त्या ताज्या पाण्याचीच बाटली मला आणून दिली. "सोमवारी सकाळी जाता जाता रिपोर्ट घेईन. बस घेऊनच येतो, तू पन बघ चालताना." वाडीत आल्यापासून ती बस चालताना कुणीच पाहिली नव्हती. रविवारी नातेवाईक जेवायला आले. काकूंनी मिस्सावरून येऊन पाणी ओतलं, जेवण वाढलं, भांडी भाचीला घासू दिली आणि जरा पडते म्हणाल्या.

त्या उठल्या नाहीत. डॉक्टरांनी हृदय थांबलं म्हणून लिहिलं. मूत्रपिंडाचा संबंध नव्हता, पाण्याचाही नव्हता.

सोमवारी सकाळी मी थाळी काढली. साफ होती. मी रिपोर्ट टाइप केला, सही केली, पर्समध्ये ठेवला आणि मातीला गेले. लोक खूप होते. बस वाडीत उभी होती, नवे टायर, पुढच्या काचेला हार, तो प्रवासासाठी आणलेला. तो कुणीतरी नंतर काढला. मला रडू आलं नाही. मी एका बाजूला उभी राहिले आणि गाणी म्हणणाऱ्या बायकांच्या चपलांकडे बघत राहिले. सगळं झाल्यावर माणसं दफनभूमीच्या नळावर हात धुवायला गेली. इनासकाकांनी नळाखाली उजवा तळवा धरला. मी जवळच होते. पाणी हातावरून जात राहिलं. आकडा सांगितला नाही. मागच्या माणसाने नळ बंद केला.

रिपोर्ट मी दिला नाही. तिथे कसा देणार.

पुढच्या शनिवारी ते लॅबमध्ये आले. सदरा इस्त्रीचा. एकच बाटली, 'नंतर'. टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच विचारलं, "पान्यानं तर नाय ना?"

मी पर्समधला रिपोर्ट काढून दाखवला. त्यांनी वाचला. म्हणाले, हे शनिवारचं. तिनं ओतलं रविवारी. नवी बाटली तपास.

मी तपासली. साफ होती. त्यांना फोन करून सांगितलं. बरं म्हणाले. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा एक बाटली, पुन्हा तोच प्रश्न, त्याच आवाजात. जसं कुणी गाडीची वेळ विचारतं. साफ. पुन्हा शनिवार. मी दर वेळी नाही म्हणायचे, ते दर वेळी बरं म्हणायचे. आमच्यात दुसरं बोलणं उरलं नव्हतं. माझा साहेब म्हणाला, त्यांना सांग आता गरज नाही. मी सांगितलं नाही.

मग ऊन वाढलं आणि एक बाटली नापास झाली.

त्या दिवशी ते खुर्चीवर बसले. एरवी बसत नसत. "मंग होतं ना," ते म्हणाले. "पान्यातच होतं."

मी बाटली पुन्हा हातात घेतली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, काका, टाकी कधी रिकामी केलीत?

ते पिशवीची घडी घालायला लागले.

"हे तेच पाणी आहे?"

"तिनं ओतलंय त्यात," ते म्हणाले. "मी पीत नाय त्यातलं. बिल्डिंगीतून आनतो प्यायला. नुसतं हाय ते."

इतके दिवस ते मला एकाच टाकीतलं एकच पाणी आणून देत होते. आठवड्याच्या वर पाणी उभं राहू न देणारा माणूस.

मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. क्लोरीन नाही, ऊन आहे, पाणी उभं आहे, बिघडणारच. हे आत्ताचं बिघडलेलं आहे, तेव्हाचं नाही. काकू गेल्यानंतरच्या शनिवारी तुम्ही आणलंत ते हेच पाणी, त्यांनी ओतल्यानंतरचं, आणि ते साफ होतं. त्याच्या पुढचंही साफ होतं. मी स्वतः बघितलंय.

"मला माहीत हाय," ते म्हणाले. "उभं पानी मी तुला शिकवलं. पन मला माहीत असून काय उपेग? तू सांग. तू शिकलेली हायस."

"पाण्याने नाही," मी म्हटलं. "पान्यानं नाय, काका."

माझ्या तोंडातला ण गेला होता. त्यांनी ऐकलं असावं. त्यांनी बेसिनच्या नळाकडे बघितलं.

मग म्हणाले, "टाकी रिकामी करावी लागंल."

मी हो म्हटलं.

"मीठ बिघडते काय गं?"

"मीठ नाय बिघडत."

"पानी टाकलं तर तेपन जाईल."

"ओतून टाकलं तर जाईल," मी म्हटलं. "पानी सुकलं तर मीठ राहते. माझ्या बापानं जन्मभर तेच केलं. पानी जाऊ द्यायचं, मीठ ठेवायचं."

मी हे त्यांना काही करा म्हणून सांगितलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. ते उठले, बाटलीवरची 'नंतर'ची चिकटपट्टी काढून खिशात ठेवली, आणि गेले. त्यानंतरच्या शनिवारी आले नाहीत.

मी राजोडीला गेले ती मे महिन्यातली दुपार होती. वाडीत शिरताना आधी मला बसच्या टपावर काहीतरी चमकताना दिसलं. जवळ गेले. टपावर भांडी मांडलेली होती. पराती, जर्मनची ताटं, केक भाजायचे ट्रे, पातेल्यांची झाकणं उलटी करून. सगळ्यांत बोटभर पाणी. वर जाळी टाकलेली, कावळ्यांसाठी. कडेला दगड. काही ताटं सुकली होती आणि त्यांच्या तळाला पांढरट कडा धरल्या होत्या. मिठागरात पहिल्यांदा धरते तशी नाही, पातळ, खडूसारखी.

ती कडा कशाची ते मला माहीत होतं. महापालिकेच्या पाण्यातले क्षार. किटलीच्या बुडाला जमतात तेच. त्यात काकूंच्या झाकणातलं मीठ किती असेल ते कुठल्याही यंत्रात दिसणार नाही. पण असेल.

इनासकाका आत होते. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती, घामाने सदरा चिकटलेला. सिंकमध्ये परात ठेवून नळ सोडला होता. त्यांना टाकीच्या खालचा कॉक उघडता आला असता, मिनिटांत सगळी टाकी बादल्यांत आली असती. ते नळाने भरत होते. खालच्या कप्प्याचं झाकण उघडंच होतं. काटा लाल ठिपक्यावर होता.

मी हाक मारली नाही. त्यांनी डावा हात परातीच्या काठावर ठेवला होता, उजवा तळवा धारेखाली. पाणी तळव्यावरून परातीत पडत होतं, कळशीतून ओतल्यासारखं. परात भरायला वेळ लागत होता.